उसाच्या कडेने पहाटे पळणाऱ्या मुलीला

ताई, नमस्कार. माझं वय 20. जुन्नर तालुक्यात मळ्यात आमची वस्ती आहे. यंदा पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे साडेचारला उठते, वस्तीवरून डांबरीला लागते आणि फाट्यापर्यंत जाऊन परत येते, पाच किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस. सहाला घरी आलं की गाईंच्या धारा, स्वयंपाक, मग आठच्या एसटीने कॉलेज. आधी भाऊ मोटारसायकल घेऊन मागे यायचा, तो आता चाकणला कंपनीत लागला. गेल्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं वाघाने उचललं. तेव्हापासून आई म्हणते, पळणं बंद. वडील म्हणतात, काठी घे आणि जा, मी रात्री उसाला पाणी द्यायला दारं धरायला जातोच ना. मैत्रीण म्हणते, कानात गाणी लाव, भीती वाटत नाही. आमचा कुत्रा सोबत न्यावा असंही मनात येतं. मैदानी चाचणी जवळ आलीय. आता पळणं सोडलं तर वर्ष वाया जाईल. काय करू? (नाव-गाव छापू नका.)

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना डोळ्यांपुढे बिबट्याच होता, तुम्ही वाघ म्हणता तो. दुसऱ्यांदा वाचताना घड्याळ दिसलं. साडेचार, सहा, आठ. अंधारात पळायची तुला हौस नाही. उजेडातला एकही तास तुझ्या वाट्याला येत नाही, म्हणून तू अंधारात पळतेस. तुझ्या प्रश्नाची मेख तिथे आहे, तिच्याकडे येतेच. आधी तातडीचं सांगते.

उद्यापासून त्या रस्त्याने पहाटे एकटी जाऊ नकोस. काठी घेऊन नको, कुत्रा घेऊन नको, आणि कानात गाणी लावून तर मुळीच नको. शेजारचं कुत्रं उचललं गेलंय, म्हणजे जनावर सध्या तुझ्याच वाटेच्या आसपास आहे. पळणं मात्र सोडायचं नाही. फक्त वेळ आणि जागा बदलायची.

आईची भीती खुळी नाही, हे आधी मान्य कर. शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याने तीन जीव घेतले. त्यांत दोन लेकरं होती आणि एक म्हातारी. लोकांनी रस्ता अडवला. शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायची वेळ बायकांवर आली. ते सगळं तुमच्यापासून फार लांब घडलेलं नाही. तुझ्या आईने ते फोटो पाहिले असतील आणि तू साडेचारला दार उघडून बाहेर पडतेस तेव्हा ती अंथरुणात जागी असेल. तिला भित्री म्हणू नकोस.

पण कोण गेलं तेही बघ. लहान मुलं, वयस्कर माणसं, वाकून काम करणारी माणसं. बिबट्याची शिकार म्हणजे त्याच्या उंचीची किंवा त्याहून बुटकी जनावरं: कुत्रं, शेळी, वासरू, डुक्कर. दोन पायांवर ताठ उभं असलेलं माणूस त्याच्या सावजात बसत नाही, एरवी तो माणसाला टाळतोच. माणूस वाकलं, बसलं, आडवं झालं की अंधारात त्याचा आकार बदलतो. वनखात्याची माणसं गावोगावी हेच सांगत फिरतात. मला मात्र ते एका पहाटेने शिकवलं.

मी तुमच्याच पट्ट्यातल्या एका शाळेत बरीच वर्षं खेळ शिकवले. तेव्हा भरतीच्या मुलींना पहाटे रस्त्यावर पळवायचे. पाच जणी पुढे आणि मी मागे स्कूटरवर, दिव्याच्या उजेडात. जानेवारीतली थंडी, साडेपाच वाजले असतील. एकीच्या बुटाची नाडी सुटली. ती कडेला गेली आणि खाली बसली. बाकीच्या पुढे गेल्या. मी स्कूटर थांबवली आणि हँडल जरा वळलं, तसा दिव्याचा झोत उसाच्या धारेवर गेला. उसाच्या वाळक्या पाचटाच्या वर, गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन डोळे चमकले. मुलीपासून पंधरा-वीस फुटांवर. तिची पाठ तिकडे होती. मी ओरडले, "उभी राहा!" "बसून राहा" का म्हणाले नाही, "पळ" का म्हणाले नाही, मला आजही सांगता येत नाही. ती ताडकन उभी राहिली. डोळे क्षणभर तसेच राहिले, मग पाचट वाजलं आणि काहीच दिसेना. पोरगी मला विचारत होती, "काय झालं मॅडम?" माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्या दिवसानंतर मी एकाही मुलीला अंधारात उसाच्या कडेने पळवलं नाही.

आता तुझ्या पहाटेचा विचार कर. पळताना तू ताठ असतेस. पण फाट्यावर पोचलीस की काय करतेस? गुडघ्यांवर हात टेकून, मान खाली घालून दम खातेस. सगळेच खातात. मग स्ट्रेचिंगला खाली बसतेस, पाय लांब करून बोटं धरतेस. कधी सिटअप्स, कधी पुशअप्स. कधी लघवीला कडेला जावं लागतं. पाच किलोमीटरच्या पळण्यात धोक्याची मिनिटं ही आहेत आणि त्यांचा विचार कुणी करत नाही. जमिनीवरचा सगळा व्यायाम घरात, दिव्याखाली, चार भिंतींच्या आत. दम खायचाय तर कमरेवर हात ठेवून चालत चालत खा.

मैत्रिणीचा सल्ला तिने प्रेमाने दिलाय, पण तो ऐकू नकोस. गाणी लावल्याने भीती जाते ती कान बंद होतात म्हणून. तुझ्या रानात धोक्याची पहिली खबर कानालाच लागते. कुत्री एकदम भुंकायला लागतात किंवा भुंकता भुंकता एकदम गप्प होतात, टिटवी ओरडत उठते, पाचट करकरतं. गाणी हवीत तर फोनच्या स्पीकरवर मोठ्याने लाव. माणूस येतंय हे जनावराला लांबून कळलं की ते बहुतेकदा स्वतःच बाजूला होतं. काठीला घुंगरू बांधून चालतात ते त्याचसाठी.

आणि कुत्रा. तुला वाटतं तो राखण करेल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीच्या पट्ट्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. शेजारच्या वस्तीवर जे झालं ते काही नवल नव्हतं. दोरीला कुत्रं बांधून तू उसाच्या कडेने निघालीस तर त्याचं आवडतं खाणं तू हाताने नेते आहेस. त्याला रात्री घरातच घे, बिचाऱ्याचा जीव वाचेल आणि वस्तीकडे बिबट्याचा फेराही कमी होईल. उष्टं-खरकटं, मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकल्या की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे सगळ्या वस्तीला सांगायला हवं.

त्याच अभ्यासकांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून मोजलं, तेव्हा दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 मोठे बिबटे निघाले. आजूबाजूला जंगल म्हणावं असं नव्हतं, नुसती शेती आणि माणसं. माणसांवरचे हल्ले मात्र तिथे फार क्वचित. हे अशासाठी सांगते की "पिंजरा लावला, वाघ धरून नेला, आता मोकळं झालं" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. कुकडीच्या धरणांचं पाणी आलं, ऊस आला, आणि वर्ष-दीड वर्ष न हलणारी झाडोऱ्याची जागा बिबट्याला मिळाली. माद्या उसातच वितात. एक नेला की त्या जागी दुसरा येतो. ऊसतोड सुरू झाली की तर त्यांचा ठावठिकाणा रोज बदलतो. काल उभा असलेला फड आज मोकळा होतो आणि जनावर शेजारच्या फडात सरकतं. तोड चालू असलेल्या भागात बछडी सापडतात. कुणी फोटो काढायला बोलावलं तर जाऊ नकोस. आई जवळपास असते आणि पिल्लांसाठी ती काहीही करते.

दिवसाउजेडीही समोर आलाच तर काय करायचं, हे आधी मनात घोळवून ठेव. पळायचं नाही, हे सगळ्यात अवघड, कारण तुझे पाय पळायलाच शिकलेत. पाठ फिरवून पळणाऱ्यामागे धावणं हे मांजराच्या जातीच्या अंगातच असतं आणि त्याच्यापुढे आपली शंभर मीटरची तयारी काही कामाची नाही. थांब. त्याच्याकडे तोंड ठेव. दोन्ही हात वर कर, जॅकेट असेल तर डोक्यावर पसरून धर, मोठ्याने ओरड आणि एकेक पाऊल मागे सर. खाली बसू नकोस, दगड उचलायलाही वाकू नकोस. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेव. चुकून अंगावर आलाच तर तो मान धरायला बघतो. हनुवटी छातीला लाव, एका हाताने मान झाक, दुसऱ्या हाताने मिळेल त्याने मार आणि ओरडायचं थांबू नकोस. माणसं अशी झुंजून सुटली आहेत. वनखात्याचा 1926 हा नंबर फोनमध्ये घाल. तुमच्या बीटाच्या वनरक्षकाचा नंबर पोलीस पाटलांकडे असेल, तोही घे.

इतकं बिबट्याबद्दल लिहिलं, पण पहाटेच्या रस्त्यावर मला त्याच्याहून जास्त भीती चाकांची वाटते. बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ 19 जानेवारी 2025 ला पहाटे भरतीसाठी पळणाऱ्या तीन तरुणांना बसने चिरडलं. त्याच वर्षी 7 ऑगस्टला गडचिरोली-आरमोरी रस्त्यावर काटलीजवळ सकाळी व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने उडवलं, चार जण गेले. तुझ्यासारखीच पळणारी पोरं. बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुमच्याकडे साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर आलेली उसाची टोकं, मागे दिवा नाही, ड्रायव्हर रात्रभर जागा. त्याला अंधारात गडद ट्रॅक सूट घातलेली मुलगी दिसणार कशी? वाहनं डावीकडून चालतात, म्हणून पळणाऱ्याने उजव्या कडेने पळायचं, समोरून येणारी गाडी आपल्याला दिसली पाहिजे. अंगात पांढरा किंवा भडक रंगाचा टीशर्ट हवा. रेडियमची पट्टी ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात मिळते. ती टीशर्टाच्या पाठीला आणि बुटांच्या टाचांना लावून घे. टाचा हलतात, त्यामुळे त्या लांबून चमकतात.

आता इथे थांब आणि बघ. गाडीसाठी कडेने पळायचं. बिबट्यासाठी कडेच्या उसापासून लांब, रस्त्याच्या मध्यावर राहायचं. दोन्ही एकाच वेळी करता येत नाही. दिवसा हा पेच पडतच नाही, कारण तुला कडही दिसते, गाडीही दिसते आणि गाडीवाल्याला तूही दिसतेस. म्हणूनच काठी, घुंगरू, बॅटरी, रेडियम यांत अडकू नकोस. ती सगळी अंधारातली तडजोड आहे. अंधारच टाळला पाहिजे.

आणि तुला अंधारातले पाच किलोमीटर हवेतच कशाला? मुलींची मैदानी म्हणजे 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. 50 पैकी 20 गुण 800 ला, 15 शंभरला, 15 गोळ्याला. रोज डांबरीवर एकाच चालीने पाच किलोमीटर पळून 800 चा वेळ फारसा कमी होत नाही, नडग्या मात्र दुखायला लागतात. 800 साठी लागतात 200 आणि 400 मीटरच्या फेऱ्या, मध्ये नेमका आराम, हातात घड्याळ. हे सगळं शाळेच्या मुरमाच्या मैदानावर होतं. टेपने 200 मीटरची फेरी मोजून घे, फक्की मारून खूण कर. चार फेऱ्या म्हणजे तुझे 800. आठवड्यातून तीन दिवस मैदान, तेही उजेडात, एवढं नीट केलंस तर पुरे. त्यात एक दिवस 200 च्या सहा-आठ फेऱ्या, एक दिवस 400 च्या तीन-चार, आणि एक दिवस सावकाश अर्धा तास पळणं. उरलेले दिवस घरी. पहाटे उठायची सवय मोडू नकोस, ती वेळ पडवीत दिव्याखाली वापर. दोरीवरच्या उड्या, बैठका, पुशअप्स, पोटाचे व्यायाम. 4 किलोचा गोळा शाळेत मागून बघ, फेक सकाळी अंगणात ऊन आल्यावर दहा मिनिटं केलीस तरी चालेल.

थंडीत तुमच्याकडे सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे मावळतो. म्हणजे कॉलेजहून परत आल्यावर साडेचार ते साडेपाच हा तास सोन्याचा. बूट सकाळीच पिशवीत घाल. फाट्यावर उतरल्यावर घरी न जाता तिथल्या शाळेचं मैदान गाठ. मुख्याध्यापकांना अर्ज दे, सोबत आईला किंवा सरपंचबाईंना घेऊन जा. मुली मैदान मागायला आल्या तर शाळा सहसा नाही म्हणत नाहीत. एकटी जाऊ नकोस. आसपासच्या वस्त्यांवर भरतीच्या तयारीतल्या आणखी दोघी-तिघी नक्की असतील, त्याही अशाच आपापल्या बांधावर अंधारात पळत असतील. त्यांना शोध. साडेपाचला मैदान सोडायचं म्हणजे सोडायचं. "अजून एक फेरी" नाही. मळ्याची वाट अंधार पडायच्या आत संपली पाहिजे. परत येताना वस्तीवरची कुणाची मोटारसायकल मिळाली तर उत्तमच.

हे पुढचं आईला वाचून दाखव.

ताई, मुलीची काळजी तुम्ही करताय ती बरोबरच आहे. पण ती पहाटे साडेचारला पळते कारण सहाला तिला धारा काढायच्या असतात आणि संध्याकाळी घरी आल्या आल्या चूल तिची वाट बघत असते. आठवड्यातले तीन दिवस, फक्त संध्याकाळची भाकरी आणि गोठा तिच्याकडून काढून घ्या. भाऊ सुट्टीला आला की धारा त्याने काढाव्यात, वडिलांनीही काढाव्यात. भरती होईपर्यंतची ही थोड्या महिन्यांची सोय आहे. तुम्ही "पळणं बंद" म्हणालात तर ती एक दिवस तुम्हाला न सांगता जाईल, आणि ते सगळ्यात वाईट. "अंधारात बंद, उजेडात मी स्वतः सोडते" असं म्हणा. एकदा मैदानावर येऊन बसा. तुमची मुलगी कशी पळते ते तुम्ही अजून पाहिलेलं नसेल.

आणखी एक बोलायला हवं. आईला फक्त जनावराची भीती नसते, हे तुला आणि मला माहीत आहे. ती तोंडाने वाघ म्हणते, मनात माणसांची भीती असते. एकच मोटारसायकल दोनदा शेजारून हळू गेली, कुणी रोज त्याच वळणावर उभा दिसला, तर ते मनातच ठेवू नकोस. त्याच दिवशी घरी सांग, मैत्रिणींना सांग. पळताना वेळ आणि वाट एकच ठेवू नकोस. स्टेटसला पळण्याचा फोटो टाकायचा तर घरी पोचल्यावर टाक. निघताना आईला व्हॉट्सॲपवर तासाभराचं लाइव्ह लोकेशन पाठवत जा, आणि ते बघायचं कसं हेही तिला शिकव. फोनमधलं इमर्जन्सी बटण चालू करून ठेव. 112 ला फोन करायला लाजू नकोस, तू उद्या ज्या खात्यात जाणार आहेस त्यांचंच ते काम आहे. आणि हे सांगितल्यावर घरचे म्हणाले, "म्हणूनच सांगत होतो, घरी बस", तर हे पत्र दाखव. वाट अडवणाऱ्याला अडवायचं असतं, मुलीला नाही.

वस्तीवरची कुत्री अंगावर येतात, त्याचंही सांगते, कारण मैदानावर जाताना ती लागणारच. कुत्रं मागे लागलं की पळणं थांबव. चालायला लाग, डोळ्यांत डोळे घालू नकोस, पिशवी मध्ये धर. चावलंच, नुसता दात लागून खरचटलं तरी, नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धू. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लस लगेच, आणि पुढचे डोस ठरलेल्या दिवशी, एकही चुकवायचा नाही. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं औषध टोचतात, इम्युनोग्लोब्युलिन, ते मागून घे. माझ्या एका विद्यार्थिनीने "आपलंच कुत्रं आहे" म्हणून दोन दिवस काढले होते. मी तिला हाताला धरून नेलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कुणीच वाचत नाही, आणि ती दिसायच्या आधी लस घेतली तर माणूस वाचतो. बिबट्याच्या नखा-दाताच्या जखमेलाही हीच लस घ्यावी लागते.

सापाचं थोडक्यात. पाचटात उंदीर, उंदरांमागे घोणस. बांधावरून आडवाट काढू नकोस, पूर्ण बूट घाल, पाय पडेल तिथे बघून टाक. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश फार दुखतही नाही, म्हणून लोक झोपून जातात. पायाला काही टोचल्यासारखं वाटलं आणि काय ते कळलं नाही, तर साप समजूनच चालायचं. आवळपट्टी नको, ब्लेडने कापणं नको, मांत्रिक नको. पैंजण, बूट, अंगठी काढ, पाय हलवू नकोस, 108 ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना. तुम्ही त्यातल्या त्यात भाग्यवान, नारायणगावला डॉ. सदानंद राऊत कित्येक वर्षं सर्पदंशाचेच रुग्ण वाचवत आलेत. तिकडे पोचायला वेळ घालवला नाही म्हणजे झालं.

आता तुझ्या वडिलांबद्दल. ते म्हणाले, मी रात्री दारं धरायला जातोच ना. हे वाक्य वाचून मला तुझ्यापेक्षा त्यांची जास्त काळजी वाटली. पंपाची लाईट रात्री येते तेव्हा ते फडात जातात, आणि दारं मोडताना-धरताना माणूस वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो, अंधारात, पाण्याच्या आवाजात, त्यामुळे मागे काय वाजतंय ते ऐकूही येत नाही. नाडी बांधायला बसलेल्या त्या मुलीला दहा सेकंद धोका होता, त्यांना तासन्‌तास आहे. त्यांना म्हणावं, एकट्याने जाऊ नका. शेजारच्या मळेवाल्याशी पाळी लावून दोघांनी जा. एक वाकला की दुसरा उभा, हातात मोठी बॅटरी उसाकडे धरून. फोनवर भजन मोठ्याने चालू ठेवा. गळ्याला जाड मफलर घट्ट गुंडाळा. आणि दिवसाच्या लाईटसाठी गावाने मिळून वीज कंपनीकडे निवेदन द्यायचं ठरवलं, तर पहिली सही तू कर.

शनिवारी मैदान मोजलंस की पहिला 800 घड्याळ लावून पळ आणि किती वेळ लागला ते मला कळव. सोबत किती जणी जमल्या तेही लिही.

तुझी ताई